इंदूर ते बडोदा : सत्तावीस वर्षांचा संसार खोक्यांत बांधताना

१८ मार्च २०२४ रोजी माझ्या यजमानांच्या बदलीचा आदेश आला. ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. याआधीच्या बदल्यांत ते एकटेच जात आणि मी व सासूबाई इंदुरातल्या रामबागेतील घरी राहत असू. या वेळी मात्र मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेलेली होती, सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि ज्या घरात आम्ही सत्तावीस वर्षे भाड्याने राहिलो ते घर पाडून मालकांना नवी इमारत बांधायची होती. त्यामुळे सगळा संसार बडोद्याला हलवायचे ठरले. मी आयुष्यात कधी घर बदललेले नव्हते. पहिले आठ दिवस तर कोणत्या खोलीपासून सुरुवात करावी हेच कळेना. त्या दिवसांत जे मला कोणीतरी सांगायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन वाहतूक कंपन्यांच्या माणसांना घरी बोलावून सामान दाखवले. फोनवर दर विचारू नये, कारण पलंग, कपाटे आणि यंत्रे सोडून बाकीचे घर फोनवर कोणालाच सांगता येत नाही. आमच्या माळ्यावरच्या पितळी भांड्यांनीच पाच खोकी भरली. तिघांचे दर १९,०००, २६,५०० आणि ३१,००० रुपये आले, कर वेगळा. सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याने विम्याचे तीन टक्के निराळे मागितले. विमा कोणत्या कंपनीचा आणि त्याचे प्रमाणपत्र कधी मिळेल, असे विचारल्यावर मात्र त्याला उत्तर देता आले नाही. ‘आमची जबाबदारी’ असे तोंडी सांगणे आणि विमा कंपनीचा पॉलिसी क्रमांक असलेला कागद हातात येणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही मधला दर निवडला, सामानाची किंमत ३,५०,००० रुपये जाहीर केली आणि दीड टक्क्याने ५,२५० रुपये विम्यासाठी भरले. त्या पॉलिसीत एक अट होती, ती सही करण्यापूर्वी वाचली म्हणून बरे झाले : मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यांतील मोडतोड भरून मिळणार नव्हती.

या अटीमुळे घराची दोन भागांत वाटणी करणे आपोआप घडले. फ्रिज, कपाटे, पलंग, काचेचे शोकेस यांसारखे जे मोडले तर पैशाने परत आणता येईल, ते कंपनीच्या माणसांनी बांधायचे आणि त्याची जबाबदारी त्यांनी घ्यायची. सासूबाईंच्या चिनी मातीच्या बरण्या, आजेसासूबाईंची भांडी, तसबिरी, देव आणि तंबोरा यांची भरपाई कोणताच विमा देऊ शकत नाही, म्हणून ते मी स्वतः बांधायचे. माझ्या मते प्रत्येकाने पहिल्याच दिवशी कागदावर ही वाटणी करावी. त्यानंतर किती वेळ कशाला द्यायचा, हे वेगळे ठरवावे लागत नाही.

९ एप्रिलला पाडवा होता. संध्याकाळी गुढी उतरवून तांब्या पुसला आणि बांधाबांधीचा आरंभ त्याच तांब्याने केला. पहिले दहा दिवस मात्र बांधण्यापेक्षा काढून टाकण्यात गेले. जुने कपडे, खेळणी आणि मुलीची पुस्तके महापालिकेच्या आरआरआर केंद्रात (वापरलेल्या वस्तू पुनर्वापरासाठी घेणाऱ्या केंद्रात) दिली, लोखंडी भंगार भंगारवाल्याकडे गेले आणि उरलेला कचरा ओला-सुका वेगळा करून रोजच्या कचरागाडीत थोडा थोडा टाकला. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण घाई झाली की नको असलेल्या वस्तूही खोक्यात जातात आणि त्यांचेही भाडे आपणच भरतो.

खोकी दोन प्रकारची आणली. सियागंजातील किराण्याच्या घाऊक दुकानांतून वापरलेली खोकी प्रत्येकी २० ते २५ रुपयांत मिळाली. भांड्यांसाठी मात्र पाच पदरी पुठ्ठ्याची नवी १८ खोकी घेतली, ती ८० रुपयांना एक पडली. वापरलेले खोके घेताना वास घेऊन पाहावे, कारण साबणाच्या खोक्यात ठेवलेल्या डाळीला आठवड्याभरात साबणाचा वास लागतो. तेलाच्या किंवा फळांच्या खोक्यांतून झुरळे येण्याची भीती असते. बबल शीटचा एक मोठा रोल, छपाई नसलेला कोरा कागद आणि दोन इंची चिकटपट्टीची बारा रिळे यांना मिळून साधारण २,६०० रुपये लागले. वर्तमानपत्रे घरात ढीगभर होती, पण त्यांची शाई पांढऱ्या कपबशांना लागते आणि खरखरीत बुडाला तर ती बसूनच राहते. म्हणून वस्तूला लागून कोरा कागद आणि त्याच्या बाहेर वर्तमानपत्र, असा क्रम ठेवला.

पहिले खोके मी पुस्तकांचे भरले आणि तेच फुटले. मोठे खोके काठोकाठ भरून उचलायला गेले, तेव्हा बूड उघडून सगळी पुस्तके जिन्यावर सांडली आणि एका जुन्या ज्ञानेश्वरीची शिवण सुटली. मला त्याचे फार वाईट वाटले. ती पोथी सासऱ्यांच्या रोजच्या वाचनातली होती. त्यानंतर पुस्तकांसाठी फक्त लहान खोकी वापरली आणि एका माणसाला कमरेला ताण न पडता उचलता येईल इतकेच, म्हणजे बारा ते पंधरा किलो, वजन ठेवले. प्रत्येक खोक्याच्या बुडाला मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांना दोन पट्ट्या लावल्या. मधली एकच पट्टी वजन पेलत नाही.

स्वयंपाकघराला पूर्ण बारा दिवस लागले. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, सहा बरण्या होत्या. सर्वांत मोठीत दहा किलो लोणचे मावते आणि तिच्या खांद्यावर बोटाएवढा जुना तडा आहे. मे महिना म्हणजे कैऱ्यांचे दिवस, तेव्हा या वर्षीचे लोणचे इंदुरातच घालून न्यावे असे आईंना फार वाटत होते. “बडोद्याच्या कैऱ्या कशा असतील कोण जाणे,” असे त्या दोनदा म्हणाल्या. पण भरलेली बरणी प्रवासात नेणे म्हणजे तडा असलेल्या भांड्यात दहा किलोचे वजन आतून हलत ठेवणे, हे त्यांना पटवले. जुने उरलेले लोणचे स्टीलच्या घट्ट डब्यात काढले, बरण्या धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि आत जुनी सुती लुगडी सैलसर भरली. झाकण उलटे करून कागदात गुंडाळून त्याच बरणीच्या तोंडाशी ठेवले. बाहेरून आधी कोरा कागद, मग बबल शीटचे तीन वेढे आणि खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या कागदाची चार बोटे जाडीची गादी. एका खोक्यात एकच मोठी बरणी ठेवली आणि तिच्या चारही बाजूंना टॉवेल ठासून भरले.

चिनी मातीच्या किंवा काचेच्या बशा आडव्या एकावर एक रचू नयेत. त्या ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या चळतीत वरच्या सगळ्या बशांचा भार खालच्या बशीच्या मधोमध येतो आणि एका खड्ड्याने ती तडकते, तर उभ्या बशीवर तो भार काठाने पेलला जातो. पितळी पातेली एकात एक घातली, पण दोघांच्या मध्ये कापड ठेवले, कारण प्रवासात ती एकमेकांवर घासून नुसते चरेच पडतात असे नाही, तर कधीकधी अशी अडकून बसतात की निघत नाहीत. खोके बंद करण्याआधी दोन्ही हातांनी हलवून पाहायचे आणि आतून थोडासाही आवाज आला तर उघडून पुन्हा भरायचे, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. आतली वस्तू हलायला जागा राहिली की वेढे कितीही असले तरी ती स्वतःच आदळून फुटते. दुसरीकडे, झाकण फुगेल इतके भरले तर वरच्या खोक्याचा भार पुठ्ठ्याऐवजी आतल्या भांड्यावर येतो.

नोंदवही हे या सगळ्या कामातले माझे सर्वांत उपयोगी साधन ठरले. स्वयंपाकघरासाठी ‘स्व’, देवघरासाठी ‘दे’, माळ्यासाठी ‘मा’ अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक, असे प्रत्येक खोक्याच्या वर आणि दोन बाजूंना जाड पेनने लिहिले. फक्त वर लिहिलेला क्रमांक खोकी रचल्यावर दिसत नाही. वहीत त्या क्रमांकापुढे आतल्या वस्तू आणि नव्या घरातली खोली लिहिली. एकूण ६१ खोकी झाली. पलंग व टेबल सोडवताना निघालेले स्क्रू लहान पिशव्यांत घालून त्याच फळीला पट्टीने चिकटवले, आणि टीव्हीच्या मागच्या तारा काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेतले.

यंत्रांपैकी कपडे धुण्याच्या यंत्राने अनपेक्षित वेळ घेतला. समोरून उघडणाऱ्या यंत्रातील ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि नेआण करताना तो मागून बोल्टांनी आवळून ठेवावा लागतो. हे बोल्ट यंत्र पहिल्यांदा बसवताना काढतात आणि बहुतेक घरांत ते टाकून दिले जातात. आमचेही गेले होते. सर्व्हिस केंद्रातून मागवायला नऊ दिवस आणि ६५० रुपये लागले. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी ते बोल्ट आजच शोधून ठेवावेत. फ्रिज निघण्याच्या २४ तास आधी बंद करून रिकामा केला, बर्फ वितळू दिला आणि आतून पुसून दार किंचित उघडे ठेवले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातले पाणी पूर्ण काढून नळ्यांची तोंडे बंद केली. इन्व्हर्टरची बॅटरी वाहतूकदार नेणार नाही असे आधीच म्हणाला होता, कारण ती कलली तर आतले आम्ल सांडते. ती आम्ही इंदुरातच विकली.

कागदपत्रांत सर्वांत जास्त खेटे गॅसच्या जोडणीसाठी पडले. जोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर होती आणि त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यामुळे आधी मृत्यूचा दाखला, वारसांचे ना-हरकत पत्र आणि केवायसी देऊन ती यजमानांच्या नावावर करावी लागली. मग सिलिंडर व रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, मिळाला. तीन फेऱ्या आणि अकरा दिवस लागले. परत मिळते ती मूळ पावतीवर लिहिलेली अनामत, आजच्या दराची नव्हे. गॅसचे पुस्तक कोणाच्या नावावर आहे, हे बदलीची चाहूल लागताच पाहून घ्यावे.

स्कूटर ‘एमपी ०९’ची. दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणार असेल तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ऑनलाइन अर्ज करून नमुना २८, चासी क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा, विमा आणि पीयूसीच्या प्रती दिल्या. १७ दिवसांनी प्रमाणपत्र मिळाले. ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी स्कूटरचे पेट्रोल काढून टाकले आणि आरसे सोडवून वेगळे बांधले.

तंबोऱ्याविषयी सविस्तर लिहिते, कारण ते कसे करावे हे मला कोठेही नीट सापडले नाही. आईंचा तंबोरा मिरजेचा आहे आणि त्यांच्या लग्नाआधीपासून त्यांच्याजवळ आहे. तंबोऱ्याचा भोपळा हा खरोखरचा वाळलेला भोपळा असतो. तो वजनाला हलका आणि भिंतीला पातळ असतो, आणि दांडी जिथे त्याला मिळते तो सांधा सर्वांत नाजूक. इंदुरातल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या काकांना घरी बोलावले. त्यांनी चारही तारा खुंट्यांवरून दीड-दोन वेढे सैल केल्या, पण पूर्ण उतरवू दिल्या नाहीत. तारांचा थोडा दाब राहिला तर घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, आपल्या जागी राहते, असे त्यांनी समजावले. आईंनी जवारीचे, म्हणजे तारा आणि घोडी यांच्या मध्ये घालायचे, दोरे काढून एका चांदीच्या डबीत ठेवले. तारा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) यांच्या मध्ये मऊ मलमलीची घडी सरकवली, खुंट्यांभोवती कापूस गुंडाळला आणि मग गवसणी, म्हणजे कापडी खोळ, चढवली. भोपळ्याखाली जुन्या धोतराची मोठी चुंबळ केली. तंबोऱ्याला जमिनीवर टेकायला सपाट बुडाची जागाच नसते आणि चुंबळीशिवाय तो प्रत्येक वळणाला लोळतो. सगळ्यावर बाळंतपणातली कापसाची दुलई दोन वेढे दिली. तो ट्रकमध्ये द्यायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते.

१३ मे रोजी इंदुरात लोकसभेचे मतदान होते. ते करूनच निघायचे असे आईंनी ठरवले होते. १५ मे रोजी सकाळी आठ वाजता कंपनीची पाच माणसे आली. रामबागेतील आमच्या गल्लीत मोठा ट्रक शिरत नव्हता, त्यामुळे छोट्या गाडीच्या चार फेऱ्या करून सामान रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यावे लागले आणि त्याचे १,८०० रुपये जास्त द्यावे लागले. गल्लीची रुंदी दर ठरवतानाच दाखवून लेखी घेतली असती तर हा वाद झाला नसता. मी दाराशी वही घेऊन बसले आणि प्रत्येक नग बाहेर जाताना खूण केली. गाडीचा क्रमांक आणि भरलेल्या ट्रकचे छायाचित्र घेतले, बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती) वाचून मगच सही केली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन बिल) लागत नाही, पण सामानाची सही केलेली यादी, बिल्टी आणि बदलीच्या आदेशाची प्रत चालकाजवळ दिली. बँकेकडून खर्च परत मिळवण्यासाठीही हीच बिल्टी आणि जीएसटीचे बिल लागते, म्हणून मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी. पैसे आम्ही तीन हप्त्यांत ठरवले होते आणि शेवटचे ८,००० रुपये नग मोजून झाल्यावरच द्यायचे होते.

रिकामे घर झाडून झाल्यावर आईंनी देव हलवले. टाक आणि बाळकृष्ण तांदळाने भरलेल्या पितळी डब्यात ठेवून तो डबा त्यांनी मांडीवर घेतला. दागिने, मूळ कागदपत्रे, आठ दिवसांची औषधे आणि नव्या घरातल्या पहिल्या दिवसाची पिशवी आमच्यासोबत गाडीत होती. त्या पिशवीत चहा-साखर, एक पातेले, चादरी, कात्री आणि एक बल्ब एवढेच होते, पण त्यावाचून पहिली रात्र काढता आली नसती. १६ मे रोजी पहाटे पाचला निघालो. धार, झाबुआ, पिटोल, दाहोद, गोध्रा असा साधारण ३४० किलोमीटरचा रस्ता आहे. तंबोरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला होता. दाहोदला जेवायला थांबलो तेव्हा यजमानांनी तो हातात धरून हॉटेलाच्या ओसरीवर आणला, कारण मेच्या उन्हात बंद गाडी तापली तर भोपळ्याला तडा जायला वेळ लागत नाही.

मांजलपुरातले घर तिसऱ्या मजल्यावर आहे. सोसायटीने सामान चढवण्यासाठी सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ दिली होती आणि लिफ्टसाठी २,००० रुपये परतीची अनामत घेतली होती. भाडेकराराची प्रत आणि पोलिसांकडील भाडेकरू नोंदणीचा अर्ज आधीच दिलेला होता. ट्रक १६ तारखेला संध्याकाळी यायचा तो १८ च्या सकाळी आला. पूर्ण गाडीचे पैसे घेऊनही वाटेत तीत दुसऱ्या एका कुटुंबाचे सामान चढवले होते आणि आमची काही खोकी त्यासाठी उतरवून पुन्हा रचलेली होती. मला मनस्वी संताप आला, पण त्या क्षणी चालकाशी भांडण्यापेक्षा नग मोजणे महत्त्वाचे होते. सगळी ६१ खोकी मिळाली. शोकेसची एक काच फुटलेली आणि जेवणाच्या टेबलाचा एक पाय सांध्यातून निघालेला होता. पावतीवर सही करण्याआधी ही दोन्ही नुकसाने तिच्यावर लिहिली, चालकाची सही घेतली आणि छायाचित्रे काढली. ‘आधी सही करा, कंपनी नंतर पाहून घेईल’ असे कोणी म्हणाले तरी ऐकू नये. रस्ते वाहतुकीच्या कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी सूचना माल पाठवल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. आम्ही ती तिसऱ्याच दिवशी दिली आणि दुसऱ्याचे सामान चढवल्याबद्दलही त्यातच लिहिले.

फ्रिज सहा तास उभा ठेवून मग सुरू केला. सोसायटीत पाइपचा गॅस असल्यामुळे जुन्या शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागले. तोपर्यंतचे दोन दिवस शेजारच्या देशस्थ काकूंनी दोन्ही वेळचा डबा दिला. बरण्यांची खोकी मी आईंच्या समोरच उघडली. तडा होता तेवढाच होता. धोतराची चुंबळ सोडवून तंबोरा खोलीच्या हवेत चार दिवस तसाच राहू दिला आणि पाचव्या दिवशी आईंनी तारा थोड्या थोड्या करून चढवल्या. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारांपैकी एक तार तुटली, ती दांडिया बाजारात मिळाली.

विम्याच्या माणसाने ३० मे रोजी येऊन पाहणी केली आणि १० जुलैला ३,४०० रुपये खात्यात आले. गाडीत दुसऱ्याचे सामान चढवल्याबद्दल वाहतूक कंपनीने शेवटच्या हप्त्यातून २,००० रुपये कमी घेणे लेखी मान्य केले. बँकेकडील भरपाई ऑगस्टमध्ये मिळाली. मोठ्या बरणीत बडोद्याच्या कैऱ्यांचे लोणचे जूनच्या पहिल्या आठवड्यात घातले होते. कैऱ्या चांगल्या निघाल्या, असे आईंनी स्वतःहून सांगितले.